दुधाची वाट आणि नवा धंदा

नवा धंदा म्हटला कीं नवें यंत्र व मोठें भांडवल, अशी समजूत आपल्या लोकांत आढळते. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. माल मोजून, पारखून व वेळेवर पोंचविण्याची वाट आधीं बांधावी लागते. नवा धंदा त्या वाटेवरच जन्मास येतो. मुंबईच्या दुधाची हकीकत या दृष्टीनें शेतकरीबंधूंनीं लक्षांत घेण्याजोगी आहे.

पूर्वीं मुंबईस बाहेरून दूध थोडें येई, म्हशी फार येत. खेड्यांतील उत्तम दुभती म्हैस आणून शहरांतील तबेल्यांत बांधीत. ती आटली कीं पुन्हा विईपर्यंत पोसणें परवडत नसे. पुष्कळदां तिची रवानगी कसाईखान्यांत होई. त्यामुळें खेड्यांतील चांगली जनावरें नष्ट होत. शहरांतील म्हशी हलविण्याकरितां 1949 सालीं गोरेगांवजवळ आरे दूध वसाहत उभी राहिली. दुसरा उपाय त्यापूर्वींच सुरू झाला होता. तो असा, कीं जनावर न आणतां दूधच आणावें.

गुजराथेंतील खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्यांनीं 1946 सालीं आपला सहकारी संघ स्थापिला. जून 1948 पासून संघ मुंबई दूध योजनेकरितां दुधाचें पाश्चरीकरण करूं लागला. आरंभीं सोसायट्या दोनच, व दूध दिवसास सुमारें 250 लिटर. सकाळ-सायंकाळ गांवांत दूध मोजावें, त्यांतील स्निग्धांश तपासून दाम द्यावे, आणि तें थंड राखून आगगाडीनें धाडावें, असा हा क्रम होता. एक कडी तुटली कीं दूध नासलेंच.

वाट रुळतांच नवी अडचण दिसूं लागली. हिवाळ्यांत म्हैस भरपूर दूध देते, उन्हाळ्यांत कमी. मुंबईची गरज मात्र बारमाही. जादा दूध मुंबई घेईना. ज्या महिन्यांत शेतकऱ्याघरीं दूध अधिक, त्याच महिन्यांत त्यास गिऱ्हाईक नाहीं! म्हशीच्या दुधाची भुकटी होणें शक्य नाहीं, असें परदेशी तज्ज्ञ सांगत. हरिचंद दलाया यांनीं ती करून दाखविली, आणि 1955 सालीं आणंद येथें तिचा कारखाना सुरू झाला. हिवाळ्याचें दूध उन्हाळ्यास उपयोगीं पडूं लागलें. किती दूध आलें व किती उरलें याची रोज मोजदाद नसती, तर कारखाना केवढा हवा हें कोण सांगूं शकला असता?

आजही अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथील बाजारांत नाशिक-पुण्याकडील भाजी येते, आणि तिचा कांहीं भाग वाटेंतच सडतो. तेव्हां प्रत्येक सोसायटीनें यंत्राची किंमत विचारण्यापूर्वीं एक वर्ष वही ठेवावी: माल किती निघाला, किती खराब झाला, किती विकल्यावांचून राहिला. महसुली दप्तरांत आयुष्य घालविल्यामुळें आम्हांस वहीचा मोह असेल. परंतु उद्यांचा धंदा बहुधा तिच्या शेवटच्या रकान्यांतच सांपडेल.