घोडा माणसाला म्होरक्या मानतो का?

घोड्यावर बसण्याआधी जमिनीवर उभे राहून त्याला बरेच काही शिकवतात. त्यातला एक प्रकार गोल कुंपणातला. शिकवणारा मध्ये उभा राहून घोड्याला पळवतो. घोडा त्याच्याकडे वळला की पळवणे थांबवतो. थोड्याच वेळात घोडा दोरीशिवाय त्याच्या मागे चालू लागतो. ‘त्याने मला कळपाचा म्होरक्या मानले,’ असे मग सांगितले जाते.

हे खरे आहे का? सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली माणसाच्या जागी रिमोटवर चालणारी छोटी मोटार ठेवली. घोडे तिच्याकडेही वळायला शिकले! आता मोटारीबद्दल घोड्याला आदर वाटतो असे कोण म्हणेल?

नकोसा दाब ज्या कृतीनंतर नाहीसा होतो, ती कृती घोडा पुन्हा करतो. म्हणजे तो शिकतो ते दोरी ओढल्याने नव्हे, तर सैल सोडल्याने. त्याने पाऊल उचलताच दोरी सैल व्हायला हवी. जरा उशीर झाला आणि तेवढ्यात त्याने मान झटकली, तर मान झटकणेच पक्के होते. पुष्कळ घोडे ‘हट्टी’ ठरतात ते असे.

भीती घालवण्याची गोष्ट वेगळी. घोडे एकमेकांना मानेच्या बुडाशी दातांनी खाजवतात. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांना संशोधकांनी तिथेच खाजवले, तेव्हा हृदयाचे ठोके मंदावले (१९९३). माझ्या मते थोपटण्यापेक्षा हे बरे. मात्र जवळ जाताना बाजूने जावे. थेट मागचे घोड्याला दिसत नाही.