ज्या बेटावर सगळ्यांचेच हात बोलत

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सुटीत पोरांना भर उन्हात बाहेर सोडायचं नाही, मोबाइल हातात द्यायचा नाही, मग दुपारभर करायचं काय? आमच्याकडे यावर एक जुना तोडगा आहे. जेवणं झाली, ओटा पुसून झाला, की मधल्या खोलीत सतरंजी टाकायची, पंखा मोठा करायचा आणि मी काहीतरी वाचून दाखवायचं. ऐकायला माझी लेक, मुलगा, शेजारची दोघं आणि धाकट्या जावेची मुलगी.

या वेळी मी एक इंग्रजी कादंबरी निवडली होती. अ‍ॅन क्लेअर लझॉट या लेखिकेची 'शो मी अ साइन'. मुलांसाठी लिहिलेली, २०२० साली निघालेली. मी एकेक प्रकरण आधी वाचून ठेवी आणि दुपारी मराठीत सांगे. गोष्ट १८०५ सालातली. अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर मेरी लॅम्बर्ट नावाची अकरा वर्षांची मुलगी राहते. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या वडिलांनाही येत नाही. आईला येतं. गंमत म्हणजे याचं गावात कुणाला काहीच वाटत नाही, कारण तिथे सगळेच हातांनी खुणा करून बोलतात.

पोरं अगदी रंगून ऐकत होती. तिसऱ्या दिवशी माझी लेक एकदम म्हणाली, "आई, ही गोष्ट हिच्यासारख्याच मुलीची आहे ना? मग हिलाच कशी गं कळत नाहीये?"

मी पुस्तक खाली ठेवलं. माझी पुतणी नऊ वर्षांची आहे आणि जन्मतः बहिरी आहे. तीन दिवस ती आमच्यात बसून सतरंजीचे दोरे उपटत होती. सगळी हसली की हसत होती. आणि मी, गावातल्या शाळेत अर्धवेळ का होईना पण शिकवणारी बाई, तिच्यासमोर बसून बहिऱ्या मुलीची गोष्ट मोठ्याने वाचत होते! खरं सांगते, त्या दुपारी मला चहासुद्धा गोड लागला नाही.

तर आधी त्या बेटाविषयी सांगते, कारण ते काही कादंबरीपुरतं नाही. मार्थाज व्हिनयार्ड हे त्याचं नाव. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या दक्षिण किनाऱ्यासमोरचं हे बेट. आज तिथे श्रीमंतांचे उन्हाळी बंगले आहेत. तेव्हा लोक मासेमारी करत, मेंढ्या पाळत, देवमाशांच्या शिकारीला दूरच्या समुद्रात जात. १६९४ साली जोनाथन लॅम्बर्ट नावाचा एक बहिरा माणूस बायकोसह तिथे राहायला आला. नोंदीत सापडणारा हा तिथला पहिला बहिरा माणूस. बायकोला ऐकू येत होतं, पण मुलांपैकी दोघं बहिरी निघाली. कादंबरीतल्या मेरीचं आडनाव लॅम्बर्ट का, ते इथे कळतं. या कुटुंबांचे पूर्वज इंग्लंडमधल्या केंट परगण्यातले. बहिरेपणाचं बीज आणि खुणांची भाषा दोन्ही तिथूनच आलं असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे.

आता हे बीज पसरलं कसं? हे आपल्याकडच्या बायकांना फार फोडून सांगायला नको. बेट लहान, माणसं मोजकी. पिढ्यान्‌पिढ्या त्याच चार घरांत सोयरिकी. एखादा दोष आईबापांच्या रक्तात लपलेला असतो. एकाकडूनच आला तर मूल ठणठणीत असतं, दोघांकडूनही आला तर दिसून येतो. दोघंही असा लपलेला दोष वागवणारे असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल बहिरं असण्याची शक्यता चारात एक. म्हणून ऐकू येणाऱ्या आईबापांना बहिरी मुलं होत आणि कधी बहिऱ्यांना ऐकणारी. टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८०च्या दशकात या बेटावरच्या वंशावळी तपासल्या, पण त्यांना या कोड्याचा उलगडा झाला नाही; मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम जगाला पटायला १९०० साल उजाडलं. मामाची मुलगी करण्याची आपल्याकडची रीत आठवा. नात्यातल्या लग्नात असे लपलेले दोष समोरासमोर येण्याचा संभव अधिक, एवढाच याचा अर्थ. माझ्या जावेचं लग्न नात्यातलं नाही, तरी "तुमच्यात नात्यात केलं होतं का हो?" हा प्रश्न तिला हळदीकुंकवाला किती जणींनी विचारला असेल, देवालाच ठाऊक.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सुमारे ५,७०० माणसांमागे एक जण जन्मतः बहिरा असे. या बेटावर १५५ मागे एक. आणि चिल्मार्क या गावात, जिथे मेरीचं घर आहे, २५ मागे एक. म्हणजे प्रत्येकाच्या घरात, नाहीतर शेजारी, नाहीतर भावकीत कुणीतरी होतंच. मग बहिऱ्यांनी बोलायला शिकावं अशी अपेक्षा न ठेवता सगळं गावच हातांनी बोलायला शिकलं. मुद्दाम शिकवावं लागत नसे, मुलं आईच्या कडेवरूनच शिकत. नोरा एलन ग्रोस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी बेटावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटून हे सगळं गोळा केलं. त्यांचं पुस्तक १९८५ साली निघालं. ते वाचताना मला फार मजा आली. कोळी लोक एका होडीतून दुसऱ्या होडीतल्या माणसाशी लाटांच्या आवाजात खुणांनी गप्पा मारत. ऐकू येणारी मुलं शाळेत मास्तरांची पाठ वळली की हातांनी बोलत (माझ्या वर्गात चिठ्ठ्या फिरतात, तसंच की!). दुकानात टपालाची वाट बघत उभी असलेली माणसं निम्मा किस्सा तोंडानं सांगत आणि शेवट खुणेनं.

सर्वांत मनात राहिलं ते एका म्हाताऱ्या बाईंचं बोलणं. ग्रोस बाईंनी त्यांना गावातल्या दोन माणसांविषयी विचारलं. त्या म्हणाल्या, ते दोघं चांगले कोळी होते. दोघं बहिरेही होते ना, असं विचारल्यावर त्यांना जरा आठवावं लागलं, मग म्हणाल्या, हो, खरंच की! आपल्याकडे कसं असतं? माणसाचं नाव नंतर, आधी "ती मुकी", "तो बहिरा". माझ्या पुतणीला गल्लीत किती तरी जण नावानं ओळखतच नाहीत. आणि "मुकी" तरी कशी म्हणायची? तिला कंठ आहे, आवाज आहे. ऐकलंच नाही तर बोलणार काय?

कादंबरीत पुढे एक तरुण शास्त्रज्ञ बोस्टनहून बेटावर येतो. इथे इतके बहिरे का, याचं कारण शोधायचंय म्हणतो. सुरुवातीला गोडगोड वागतो, पण त्याच्या लेखी ही माणसं म्हणजे बाटलीत भरून ठेवायचे नमुने. शेवटी तो मेरीला पळवून बोस्टनला नेतो. तिथे तिच्या खुणा कुणालाच कळत नाहीत, तिला वेडगळ समजतात. बेटावर गोष्टी रचणारी, चुरूचुरू बोलणारी हीच पोर तिथे मुकी ठरते. मुलगी तीच, कानही तेच. फक्त भोवतालची माणसं बदलली! हा भाग लहान मुलांना जरा भीतिदायक वाटेल. मी एकदोन पानं गाळूनच सांगितली. पण लेखिकेनं बेटाचंही उगाच कौतुक केलेलं नाही, हे मला आवडलं. वाम्पानोआग हे तिथले मूळ रहिवासी. त्यांच्या जमिनी गोऱ्यांनी बळकावल्या होत्या. मेरीच्या घरच्या शेतावर गुलामीतून सुटलेला एक कृष्णवर्णीय माणूस काम करतो, त्याची बायको वाम्पानोआग आहे, आणि मेरीची आईच त्यांच्याविषयी वाकडं बोलते. बहिऱ्यांना सामावून घेणारं गावही कुणालातरी उंबऱ्याबाहेर ठेवत होतंच. लेखिका स्वतः बहिऱ्या आहेत, ग्रंथपाल म्हणून काम करत आल्या आहेत; त्यामुळे मेरीविषयी कुठे कीव नाही, रडारड नाही.

१८१७ साली हार्टफर्ड गावी बहिऱ्या मुलांसाठी शाळा निघाली. बेटावरची मुलं तिकडे शिकायला गेली, आपल्या खुणा घेऊन गेली, आणि आजच्या अमेरिकन खुणांच्या भाषेत त्यांचाही वाटा आहे. पण मुलांची लग्नंही बाहेर जमू लागली आणि बेटावर बहिरी मुलं जन्माला येणं कमी होत गेलं. त्या वंशातली शेवटची बहिरी व्यक्ती १९५२ साली वारली. तिच्यामागून भाषाही गेली.

आणि याच काळात जगात उलटं वारं सुटलं होतं. १८८० साली इटलीत मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिथे ठरलं की खुणा बंद. मुलांना ओठ वाचायला आणि तोंडानं बोलायलाच शिकवायचं. पुढे कित्येक पिढ्या शाळांतून मुलांचे हात बांधल्यासारखेच झाले. २०१० साली अशाच परिषदेनं व्हँकुव्हरला त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. मध्ये १३० वर्षं गेली!

हे वाचलं आणि मला जावेची आठवण झाली. पुतणी तीन वर्षांची असताना एका शिक्षिकेनं तिला बजावलं होतं, "खुणांची सवय लावू नका, मग ती बोलायचीच नाही." जाऊ बिचारी घाबरली. पोरीनं हात हलवला की ती हात खाली करायची, आणि आरशासमोर बसवून "पा... पा... पाणी" घोकून घ्यायची. कानातलं यंत्र आहे, त्याचा थोडा उपयोग होतो, नाही असं नाही. पण नऊ वर्षांत पोरगी जेमतेम पंचवीस-तीस शब्द बोलते, तेही फक्त आईला कळतात. शाळेत आज काय झालं, कुणाशी भांडली, रात्री कशाची भीती वाटते, हे ती कोणाला सांगणार? जावेला मी दोष देत नाही. तिनं सांगितलेलं इमानानं पाळलं. मी मात्र काय केलं? "ये", "जेव", "झोप", एवढ्या तीन खुणांवर मोठी काकू म्हणून मिरवत होते.

त्या दुपारनंतर आमचं वाचन बदललं. लेकीनं कागद-पेन्सिल घेतली, जगाचा नकाशा काढला. बेट, होडी, मेंढ्या, मेरी, सगळी चित्रं काढून आणि हातवारे करून गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. माझा मुलगा मेंढी झाला. दुष्ट शास्त्रज्ञ मी! पुतणी आधी चक्रावली. मग मेरी हातांनी बोलते हे तिला उमगलं, तेव्हा तिनं चित्रावर बोट ठेवलं, स्वतःच्या छातीवर ठेवलं, आणि इतकी हसली की जाऊ स्वयंपाकघरातून धावत आली.

दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेची एक सरकारी संस्था २०१५ साली निघाली आहे. त्यांचा खुणांचा कोश आहे, २०२१ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत दहा हजार शब्द आहेत, आणि त्याची चित्रफीत घरबसल्या फुकट बघता येते. आम्ही रोज संध्याकाळी भाजी निवडताना पाच शब्द बघतो. शिकताना चुका होतात, "बहीण" म्हणायला जाते आणि भलतंच होतं. काही गोष्टी अगदी साध्या, पण मला सुचल्याच नव्हत्या. मागून हाका मारण्यापेक्षा खांद्याला हात लावावा, नाहीतर दिवा एकदा बंद-चालू करावा. उजेड आपल्या तोंडावर पडेल असं बसावं. दात घासता घासता, फोडणी टाकता टाकता बोलू नये. ओरडून तर काहीच उपयोग नाही, ओरडताना आपला चेहरा तेवढा रागावलेला दिसतो. आणि ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांनी, भांडं पडलं तरी ते दचकत नसेल, तर "होईल हळूहळू" म्हणत बसू नये. तपासणी लवकर करावी. मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून हे काम करते आहे. यंत्र लावा, बोलायला शिकवा, सगळं करा, पण त्यासाठी हात बांधू नका, असं माझं मत झालं आहे. जावेला ते अजून पुरतं पटलेलं नाही. पण आता ती हात खाली करत नाही.

बहिऱ्या मंडळींत प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं, त्याच्या एखाद्या लकबीवरून पडलेलं. पुतणीनं आम्हा सगळ्यांची नावं ठेवून टाकली. मी म्हणजे नाकावरून घसरणारा चष्मा वर करणं. धाकटे भाऊजी म्हणजे पोटावरून हात फिरवणं. आणि सासूबाई म्हणजे एक बोट दातांवरून घासणं. मिश्री!

सासूबाई दोन दिवस रुसून होत्या. "सगळ्या जगाला दाखवतेय कार्टी," म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवत होते. मागच्या पडवीत त्या पाटावर बसल्या होत्या आणि नात दारात पाठमोरी उभी होती. त्यांनी उठून तिच्या खांद्याला हात लावला. ती वळल्यावर आधी स्वतःच्या दातांवरून बोट फिरवलं, मग डबीकडे बोट दाखवलं: आजीची डबी आण.