ब्लेड सर्व्हर पेटी

ब्लेड सर्व्हर पेटी : सरकवून बसविता व काढता येणाऱ्या सपाट घटकांच्या रूपातील अनेक सर्व्हर (जालातील इतर संगणकांना सेवा पुरविणारे संगणक) एकत्र सामावून घेणारी पेटी. पात्यासारख्या आकारावरून या घटकास ‘ब्लेड’ म्हणतात. प्रक्रियक व स्मृती ब्लेडमध्ये असतात. वीजपुरवठा, पंखे व जालजोडणी सर्व ब्लेडना सामाईक असते. असे सर्व्हर २००१ च्या सुमारास बाजारात आले.

रचना : पेटी ४८२·६ मिमी. (१९ इंच) रुंदीच्या प्रमाणित रॅकमध्ये बसते. रॅकच्या उंचीचे एकक ४४·४५ मिमी. असते. दहा एकके उंच पेटीत १६ ब्लेड बसविता येतात. म्हणजे ४२ एककांच्या रॅकमध्ये चार पेट्यांतून ६४ ब्लेड मावतात. एक एकक उंचीचे स्वतंत्र सर्व्हर तेथे फार तर ४२ बसतात.

पेटीच्या मध्यभागी उभा जोडफलक असतो. समोरून ब्लेड व मागून जालजोडणीचे घटक त्याला जोडले जातात. हा फलक बिघडल्यास सर्व ब्लेड एकदम बंद पडतात. म्हणून त्यावर संकलित मंडलांसारखे सक्रिय घटक शक्यतो ठेवीत नाहीत. केवळ तांब्याचे वाहक मार्ग व जोड ठेवतात. जे बिघडू शकते ते काढता येण्याजोगे असावे, हे या अभिकल्पाचे मुख्य सूत्र होय. त्याच कारणाने वीजपुरवठ्याची एकके व पंखे गरजेपेक्षा अधिक बसवितात.

पेटी चालू असताना ब्लेड बदलता यावे म्हणून जोडातील भूमिसंपर्काच्या पिना इतरांहून लांब ठेवतात. त्या प्रथम जोडल्या जातात व शेवटी सुटतात. ब्लेडमधील धारित्रे भारित होताना प्रवाह एकदम उसळू नये म्हणून नियंत्रक मंडल योजतात.

शीतन : पेटीत ५ किवॉ. उष्णता निर्माण होत असेल व हवेचे तापमान १५° से.पेक्षा अधिक वाढू द्यावयाचे नसेल, तर दर सेकंदास सुमारे ०·२८ घ. मी. हवा खेळवावी लागते. रिकाम्या कप्प्यातून हवा निसटल्यास शेजारचे ब्लेड तापतात. त्यामुळे असा कप्पा झाकणीने बंद करतात.

उपयोग व मर्यादा : पुणे येथे कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा समूहातील संस्थेने उभारलेल्या ‘एका’ या महासंगणकात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे बीएल ४६० सी ब्लेड वापरले होते. नोव्हेंबर २००७ मधील जागतिक क्रमवारीत ११७·९ टेराफ्लॉप्स वेगासह तो चौथा आला.

एका उत्पादकाचे ब्लेड सामान्यतः दुसऱ्याच्या पेटीत बसत नाही. त्यामुळे पेटी निवडताना पुढील अनेक वर्षांची खरेदीही बहुतांशी ठरून जाते, आणि पेटीचे उत्पादन थांबल्यास नवे ब्लेड मिळणे कठीण होते.