डार्विन, दहावीचं पुस्तक आणि कपाशीतली बोंडअळी

जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, वैदिक संमेलनासाठी आलेले तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचं जाहीर केलं. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कधी सांगितलं नाही, लिहून ठेवलं नाही, तेव्हा शाळा-कॉलेजच्या अभ्यासक्रमात बदल झाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून उत्तर दिलं: उत्क्रांतीचा सिद्धांत भक्कम पुराव्यांवर उभा आहे आणि तो अभ्यासक्रमातून काढणं किंवा पातळ करणं हे मागे नेणारं पाऊल ठरेल. शिक्षण खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही आपल्या सहकाऱ्याला अशी विधानं टाळायला सांगितलं.

वाद तिथे मिटला असं वाटलं, पण 2023 मध्ये तो नव्याने पेटला. तेव्हापासून पारावर, शिक्षकांच्या खोलीत आणि मोबाइलवर अर्धवट माहिती फिरते आहे. वाशिमसारख्या शेतीवर उभ्या असलेल्या जिल्ह्याला या वादाशी काय देणंघेणं, असंही विचारलं जातं. खरं तर या विषयाची किंमत आपल्या शेतकऱ्याइतकी फार थोड्यांनी मोजली असेल. म्हणून एकेक गैरसमज घेऊन वस्तुस्थिती काय आहे ते पाहू.

गैरसमज 1: डार्विनचा धडा शाळेतून काढून टाकला आहे.

वस्तुस्थिती: एका इयत्तेच्या केंद्रीय पुस्तकातून तो काढला गेला, सगळीकडून नाही. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात आनुवंशिकता आणि उत्क्रांती असा एकत्र धडा होता. करोनाकाळानंतर अभ्यासाचा भार कमी करण्याच्या नावाखाली त्यातली उत्क्रांती वगळली गेली आणि 2023-24 च्या पुस्तकात फक्त आनुवंशिकता उरली. त्याविरुद्ध 1,800 हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्रावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय सविस्तर आहेच, असा खुलासा सरकारकडून आला.

हे पुस्तक सीबीएसईच्या शाळांत चालतं. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत बहुसंख्य मुलं राज्य मंडळाची परीक्षा देतात. त्यांच्या हाती बालभारतीचं 2018 पासूनचं दहावीचं पुस्तक असतं. त्यातल्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2 चा पहिलाच धडा आहे ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. जीवाश्म, अवशेषांगे, नैसर्गिक निवड आणि मानवी उत्क्रांती हे सगळं त्यात आहे.

तरीही निर्धास्त राहता येत नाही. ‘बारावीत आहे’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण दहावी ही सगळ्या मुलांनी विज्ञान शिकण्याची शेवटची इयत्ता. पुढे कुणी कला शाखेत जातं, कुणी वाणिज्यला, कुणी आयटीआयला, कुणी थेट वावरात. बारावीचं जीवशास्त्र त्यातल्या थोड्यांच्याच वाट्याला येतं.

गैरसमज 2: माणूस माकडापासून झाला, असं डार्विन सांगतो. मग आजची माकडं माणसं का होत नाहीत?

वस्तुस्थिती: आजच्या कुठल्याही माकडापासून माणूस झाला, असं जीवशास्त्र सांगत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक होता, असं ते सांगतं. साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी त्या पूर्वजाच्या वंशाच्या दोन शाखा वेगळ्या झाल्या. एका आजोबांची दोन मुलं. एकाचं घर वाशिमला राहिलं, दुसऱ्याचं पुण्यात वाढलं. पुण्याची नातवंडं वाशिमच्या चुलतभावांपासून झाली, असं कुणी म्हणणार नाही. ती आजोबांपासून झाली.

हे नातं आता डीएनएमध्ये वाचता येतं. माणूस आणि चिंपांझी यांच्या डीएनएचे एकमेकांशी जुळवता येणारे भाग शेजारी ठेवले, तर अक्षरांतला फरक सव्वा टक्क्याच्या आसपास भरतो.

गैरसमज 3: उत्क्रांती होताना कुणी पाहिलेलीच नाही.

वस्तुस्थिती: विदर्भाच्या शेतकऱ्याने ती बांधावर उभं राहून पाहिली आहे. तिचं नाव शेंदरी, म्हणजेच गुलाबी बोंडअळी.

बीटी कपाशीला भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक या कपाशीत घातलेलं असतं. त्यामुळे झाडातच असं प्रथिन तयार होतं की ते खाल्लं की अळीचं आतडं निकामी होतं. 2006 मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. पहिली काही वर्षं बोंडअळी जवळपास दिसेनाशी झाली. पण 2010 मध्ये गुजरातेतल्या गुलाबी बोंडअळीवर पहिलं जनुक चालत नसल्याची कबुली खुद्द बियाणं-तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीने दिली. पुढे दुसरंही चालेनासं झालं. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात कपाशीचं अतोनात नुकसान झालं. वरून हिरवंगार दिसणारं बोंड फोडलं की आत किडलेली सरकी आणि डागाळलेला कापूस, ज्याला आपल्याकडे कवडी म्हणतात. फुलं उमलण्याऐवजी पाकळ्या मिटून डोमकळ्या होत होत्या. अळी बोंडाच्या आत बसलेली असल्याने वरून फवारणी करूनही उपयोग होत नव्हता.

त्या वर्षांत नेमकं काय घडलं? कोट्यवधी अळ्यांमध्ये मोजक्या अळ्यांच्या जनुकांत आधीच असा बदल होता की ते प्रथिन त्यांच्या आतड्याला नीट चिकटतच नव्हतं. बाकीच्या मेल्या, त्या वाचल्या. त्यांची पिल्लं वाचली. एका हंगामात या किडीच्या अनेक पिढ्या होतात, त्यामुळे काही वर्षांत शेतच त्या वाणाच्या अळ्यांनी भरलं. डार्विनने 1859 मध्ये नैसर्गिक निवड म्हणून जे मांडलं, ते हेच.

गैरसमज 4: अळीला औषधाची सवय होते. म्हणजे प्राणी गरजेप्रमाणे स्वतःला बदलून घेतात.

वस्तुस्थिती: ‘अळीला औषध मुरलं’ असं आपण सहज म्हणतो, पण तसं घडत नाही. जी अळी विष खाते, ती एकतर मरते किंवा तिच्यात प्रतिकार आधीपासून असतो. जिवंत असताना मिळवलेली सवय पिल्लांना वारशाने मिळते, ही कल्पना लॅमार्कची. दहावीच्या त्याच धड्यात ती का टिकली नाही हेही दिलं आहे.

हा फरक पुस्तकी नाही, थेट खिशाला लागणारा आहे. ‘सवय झाली’ असं मानणारा माणूस मात्रा वाढवतो, फवारण्या वाढवतो. ‘निवड झाली’ हे समजलेला माणूस निवडीचा दाब कमी करतो. बीटी बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पिशवीसोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी सरकीचं वेगळं पाकीट मिळायचं, ते यासाठीच. त्याच्या ओळी शेताच्या कडेने लावायच्या होत्या. तिथे साध्या अळ्या जगणार, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळणार. प्रतिकाराचं जनुक साधारणपणे आई-बाप दोघांकडून आलं तरच अळी वाचते, त्यामुळे अशा मिश्र जोडीची पिल्लं बीटी झाडावर मरणार.

कित्येक घरांत ते पाकीट तसंच पडून राहिलं. फुकटची जागा अडवणारी, कीड लागणारी कपाशी कोण पेरणार? शेतकऱ्याचा यात दोष नाही. ते पाकीट कशासाठी आहे, हे त्याला पटेल असं सांगितलंच गेलं नाही. फरदड घेऊ नका, हा सल्लाही याच हिशेबातला आहे: फेब्रुवारी-मार्चपर्यंत कपाशी उभी ठेवली की अळीला आणखी पिढ्या मिळतात आणि प्रतिकारक वाण पक्कं होतं.

गैरसमज 5: पुरावे सगळे परदेशातले, आणि विज्ञान तर सारखं मत बदलतं.

वस्तुस्थिती: आपल्या काळ्या मातीखाली जो पाषाण आहे, तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच सुमाराच्या थरांत चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला महाकाय डायनोसॉरची हाडं आणि त्यांच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि त्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण सापडले. 2005 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. तोवर डायनोसॉर गवत खात असल्याचा पुरावा नव्हता आणि गवताचे इतके वेगवेगळे गट एवढ्या लवकर तयार झाले असतील, असं मानलं जात नव्हतं. विदर्भातल्या जीवाश्मांनी जगभरच्या पुस्तकातली एक समजूत दुरुस्त केली.

मत बदललं ते पुरावा मिळाल्यावर. त्या बदलाने उत्क्रांतीचा पाया हलला नाही, गवताच्या वंशावळीचा तपशील अधिक नेमका झाला. चूक सुधारण्याची सोय असणं हीच या पद्धतीची ताकद आहे.

गैरसमज 6: ‘बुद्धिमान रचना’ हाही वैज्ञानिक सिद्धांत आहे. दोन्ही शिकवा, मुलं ठरवतील.

वस्तुस्थिती: सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की ती कुणा बुद्धिमान कर्त्यानेच केलेली असणार, असं हा अमेरिकेत पुढे आलेला विचार मांडतो. त्याची कसून तपासणी कोर्टात झाली. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने तो नववीच्या वर्गात आणला तेव्हा 11 पालक कोर्टात गेले. डिसेंबर 2005 मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला की हे विज्ञान नाही, धर्मविचाराचंच दुसरं रूप आहे. सुनावणीत या विचाराचे मोठे पुरस्कर्ते मायकेल बीही यांना मान्य करावं लागलं, की विज्ञानाची त्यांनी केलेली सैल व्याख्या धरली तर फलज्योतिषही त्यात बसेल.

गुंतागुंतीचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे डोळा. पण आपल्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढून मज्जातंतू जातात आणि ते पडद्याला भोक पाडून बाहेर पडतात. तिथे आपल्याला काहीच दिसत नाही. ऑक्टोपसच्या डोळ्यात हे तंतू मागून जातात, त्याला आंधळा ठिपका नाही. वंशपरंपरेने आलेल्या जुन्या रचनेवर थोडी थोडी दुरुस्ती होत गेली, असं मानलं की याचा उलगडा होतो. ‘कर्त्याची इच्छा’ म्हटलं की शोधच थांबतो. वर्गात मतं शिकवायची नसतात, तपासून पाहता येतील अशा गोष्टी शिकवायच्या असतात.

गैरसमज 7: दशावतारात उत्क्रांती आधीच सांगितली आहे.

वस्तुस्थिती: आधी मासा, मग कासव, मग वराह, पुढे नरसिंह, वामन असा क्रम पाहून हे साम्य सुचतं. 2019 च्या जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्येही एका कुलगुरूंनी दशावतार डार्विनपेक्षा सरस असल्याचं सांगितलं. पण दशावतार ही धर्मरक्षणाची कथा आहे. एका अवताराच्या पोटी दुसरा अवतार जन्मला, असं ती सांगत नाही. आणि वंशातून वंश निघणं हेच तर उत्क्रांतीचं मूळ सूत्र. भजनात, कीर्तनात, दशावतारी खेळात त्या कथेचं मोल मोठं आहे. तिला जीवशास्त्राची साक्षीदार केलं तर कथेचाही मान जातो आणि विज्ञानाचाही.

गैरसमज 8: उत्क्रांती शिकवणं म्हणजे मुलांची श्रद्धा मोडणं.

वस्तुस्थिती: विदर्भातल्या जीवाश्मांचा पहिला मोठा संग्राहक स्टीफन हिस्लॉप हा ख्रिस्ती मिशनरी होता, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. विसाव्या शतकात उत्क्रांती आणि आनुवंशिकी यांची सांगड घालणारे थिओडोसियस डोबझान्स्की श्रद्धावान ख्रिश्चन होते. पोहरादेवीला जाणारा, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथापुढे हात जोडणारा मुलगा नैसर्गिक निवडीचा धडाही नीट समजून घेऊ शकतो. जगावं कसं, हे श्रद्धा सांगते. अळी का मरत नाही, हे जीवशास्त्र सांगतं.

आपल्या राज्यघटनेची भूमिकाही स्पष्ट आहे. कलम 28 प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. कलम 51-क प्रमाणे वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे.

मग आपण काय करायचं?

राज्य मंडळाचा अभ्यासक्रम सध्या टप्प्याटप्प्याने बदलतो आहे. 2025-26 मध्ये पहिलीपासून सुरुवात झाली आणि एनसीईआरटीच्या पुस्तकांचा आधार घेण्याचं धोरण आहे. दहावीची पाळी येईल तेव्हा केंद्राच्या पुस्तकात जो भाग गाळला गेला, तो आपल्याकडेही गळू नये, यासाठी आत्तापासून बोललं पाहिजे. अभ्यासक्रमाचे मसुदे हरकतींसाठी खुले होतात. मुख्याध्यापकांनी, पालक-शिक्षक संघांनी आणि कापूस पिकवणाऱ्यांनीही आपलं म्हणणं लेखी कळवावं.

आणि धडा पुस्तकात आहे तोवर तो ‘परीक्षेत दोन मार्कांना येतो’ म्हणून उरकू नये. कारंजा-मानोऱ्याकडच्या एखाद्या शाळेने सप्टेंबरमध्ये जवळच्या शेतात एक कामगंध सापळा लावावा, आठवड्याला पतंग मोजावेत आणि फळ्यावर आलेख काढावा. रिसोड तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडून मार्गदर्शन मागता येईल. त्याच मुलांनी घरी जाऊन बापाला बिगर-बीटी सरकीचं कारण सांगावं. ज्याला निवड समजली, तो पुढच्या किडीच्या वेळी दुकानदाराच्या सल्ल्यावर अवलंबून राहणार नाही. क्षयाच्या गोळ्या अर्धवट सोडू नयेत, हेही त्याला वेगळं सांगावं लागणार नाही, कारण जंतूंच्या बाबतीतही हाच नियम आहे. डार्विनचा धडा दहावीत राहायला हवा तो यासाठी: आपल्या मुलांचं पोट ज्या मातीवर आहे, तिथे तो रोज लागू पडतो.