सात सुतांची फळी

सकाळी ७

नॅशव्हिलचा उन्हाळा दमट. हिवाळ्यात घरोघरी हीटर लागतात आणि खोल्यांतली हवा कोरडी पडते. पेडल स्टील गिटारच्या बॉडीचं मेपल आयुष्यभर या दोन्हींतून जाणार. म्हणून दिवसाचं पहिलं काम म्हणजे थप्पीतल्या फळ्यांना ओलावामापकाच्या सुया टोचणं. ६ ते ८ टक्क्यांची फळी कामाला घ्यायची. त्याहून ओली असेल ती पुन्हा थप्पीत, खाली-वर पट्ट्या घालून, चारी बाजूंनी वारा लागेल अशी.

सकाळी ८

आता कॅलिपर हातात, पण लाकूड अजून लांब आहे. आधी धातू मोजायचा.

हवाइयन गिटारवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या धुना आपल्याकडे खूप ऐकल्या गेल्या. पेडल स्टील हे त्याच घराण्यातलं अमेरिकी वाद्य. चार पायांवर उभं, खाली पेडल, गुडघ्यांशी लिव्हर. ते दाबले की ठरलेल्या तारांचा स्वर चढतो किंवा उतरतो. ही सगळी यंत्रणा बॉडीच्या पोटात राहते: आडवे दांडे, रॉड, आणि उजव्या टोकाला तारा ओढणारा चेंजर.

आजचं वाद्य दहा तारांचं. तारेची कंप पावणारी लांबी २४¼ इंच. खुंट्यांच्या बाजूला ३½ आणि चेंजरमागे १¼ इंच धरले की वरची फळी, म्हणजे डेक, २९ इंच लांब झाली. रुंदी ९ इंच. चेंजरचं खालचं टोक डेकखाली किती लोंबतं ते मोजलं आणि त्यात दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मिळवले. पुढच्या-मागच्या उभ्या पट्ट्यांची, एप्रनची, उंची एवढी हवीच. जाडी सोडून सगळी मापं यंत्रणेनंच दिली.

सकाळी ९.३०

जाडीचा प्रश्न गिऱ्हाइकाच्या फोनबरोबर आला. "फार जड करू नका. कार्यक्रमाला जिने चढून न्यावी लागते," वादक म्हणाले. मागणी रास्त आहे.

कागद घेतला. हार्ड मेपल घनमीटरला साधारण ७०० किलो भरतं. सात सुतांचा डेक सुमारे २.६ किलोचा होईल, सहा सुतांचा २.२ किलोहून थोडा जास्त. एक सूत कमी केलं तर वजन ४०० ग्रॅमही घटत नाही. फळीचा ताठपणा मात्र जाडीच्या घनाच्या पटीत बदलतो. सातावरून सहावर आलं की एक-तृतीयांशाहून जास्त ताठपणा जातो. दहा तारांची एकूण ओढ अडीचशे-तीनशे पौंडांची, म्हणजे मोठ्या माणसाच्या वजनाहून जास्त. शिवाय चेंजरसाठी डेकमध्ये मोठं भोक पाडावं लागतं, तेही जिथे ओढ सगळ्यात जास्त तिथेच.

डेक सात सुतांचाच राहील. वजन एप्रनमधून काढेन. एप्रन उभी असते, तिचा ताठपणा मुख्यतः उंचीतून येतो, म्हणून ती पाच सूत जाडीची चालेल. वादकांना तसं कळवलं.

सकाळी ११

फळी निवडायची वेळ. इथल्या वखारीत जाडी पाव इंचांत मोजतात. 'चार-पाव' म्हणजे रंधा न मारलेली एक इंचाची फळी. ती सरळ-गुळगुळीत होईतो बहुधा सहा सुतांवर येते. सात सूत हवे तर 'पाच-पाव'च घ्यायची, दहा सुतांची.

नंतर टोकाकडून वलयं बघायची. ती फळीच्या अंगाला आडवी असतील, तर ओलाव्यात ३ टक्के फरक पडताच ९ इंच रुंदी जवळजवळ अडीच मिलिमीटर हलते. वलयं उभी असतील तर त्याच्या निम्म्याहून कमी. दोन्ही टोकांच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा हवेतल्या ओलाव्याने हलत नाहीत, लाकूड हलतं. म्हणून डेकला उभ्या वलयांची फळी, आणि तरीही प्लेटांमधली स्क्रूची भोकं किंचित लांबट. लहरी रेषांचं मेपल फार देखणं असतं, पण रंध्याखाली त्याचे कपचे उडतात. ते पुढच्या एप्रनला ठेवलं.

दुपारी १

डबा खाताना वेब पिअर्सचं 'स्लोली' लावलं. १९५४ च्या या गाण्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबलं आणि स्वर सरकताना लोकांनी ऐकला. त्यानंतर पेडल स्टीलची वाटच बदलली. १९५७ मध्ये शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी याच परिसरात शो-बड गिटार बनवायला सुरुवात केली.

दुपारी २

निवडलेली फळी दोन्ही बाजूंनी सारखी तासून आठ सुतांवर आणली. एकाच बाजूने तासली तर ती वाकते. आता आठवडाभर तिला हात लावायचा नाही. मागच्या आठवड्यात अशीच ठेवलेली दुसरी फळी आज सरळपट्टीवर तपासली, थोडा बाक होता तो काढला आणि सातावर नेली.

दुपारी ४

आधीच पूर्ण झालेल्या एका वाद्याची परीक्षा. चौथी तार छेडायची, ट्यूनरवर नजर ठेवायची आणि पहिली दोन पेडल एकदम दाबायची. त्या पेडलांचा चौथ्या तारेशी काही संबंध नाही, तरी ओढ वाढून बॉडी केसभर वाकते आणि ती तार किंचित उतरते. या उतरण्याला इथे 'कॅबिनेट ड्रॉप' म्हणतात. आज काटा जेमतेम हलला. कानाला काहीच कळलं नाही.

संध्याकाळी ६

वहीत आजची मापं उतरवली: लांबी २९, रुंदी ९, डेक सात सूत, एप्रन पाच. पहिलीच बॉडी करायला निघालेले लोक मला बहुधा लांबी-रुंदी विचारतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं एकच. चेंजर आणि दांडे आधी आणा, टेबलावर मांडा, मोजा, मग वखारीत जा. आणि वजन कमी करायचं असेल तर कुठूनही करा, डेकमधून नको. वादक पेडल दाबतो तेव्हा एक स्वर हलावा आणि बाकीचे जागेवर राहावेत, एवढाच त्याचा वाद्यावर भरवसा असतो, आणि तो त्या एका सुतावर तोललेला आहे.