मानधनाचे बलुते आणि आशाताईंचा हक्क

दर्यापूर तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. जमिनीखालचे पाणी खारट, वरची माती काळी आणि भारी. पावसाळ्यात पांदण रस्त्याने पाय उचलून चालणे मुश्किल. येवदा असो, थिलोरी असो की आडवळणाचे एखादे लहान गाव असो, मध्यरात्री एखाद्या लेकीला कळा सुरू झाल्या तर घरचा माणूस डॉक्टरच्या दाराशी जात नाही. तो आशाताईचे दार वाजवतो. गाडी बोलावणे, कागद गोळा करणे, बाळंतिणीसोबत दर्यापूरच्या सरकारी दवाखान्यापर्यंत जाणे आणि सकाळी परत येऊन निंदणाला किंवा कापूस वेचायला जाणे, हा तिचा दिनक्रम आहे. मात्र शासनाच्या दफ्तरात ती कर्मचारी नाही आणि कामगारही नाही. तेथे तिचे नाव आहे 'स्वयंसेविका'.

हा केवळ शब्दाचा खेळ नाही. कर्मचाऱ्याला वेतन मिळते, स्वयंसेविकेला मानधन मिळते. कर्मचाऱ्याला रजा, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन असते; स्वयंसेविकेला प्रशस्तिपत्र असते. दुसऱ्यांची बाळंतपणे सुखरूप पार पाडणाऱ्या या बाईला स्वतःच्या बाळंतपणाची पगारी रजा नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बाबासाहेबांच्या अनुयायांना ही गोष्ट खटकली पाहिजे.

आशा योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. सुमारे एक हजार लोकसंख्येमागे एक आशा, ती त्याच गावची सून किंवा लेक, विवाहित, विधवा अथवा परित्यक्ता असावी, असे निकष ठरले. त्याआधी १९७७ मध्ये देशात गावपातळीवरील आरोग्यरक्षकांची योजना निघाली होती. त्यांना महिना ५० रुपये मिळत. त्याहीपूर्वी पिढ्यान्‌पिढ्या गावची बाळंतपणे सुईण करीत होती. अनेक ठिकाणी ती आपल्याच वस्तीतली असे. बाळाची नाळ तिने कापायची, विटाळ तिने उचलायचा आणि पुन्हा वेशीबाहेर जायचे. तिच्या ज्ञानाला कोणी विद्या म्हटले नाही. १९३५ मध्ये मुंबई प्रांतात परिचारिका व सुईणींच्या नोंदणीचा कायदा झाला आणि १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा. नोंदवहीत नाव चढले त्यांना व्यवसायाचा दर्जा मिळाला. गावची सुईण मात्र त्या वहीच्या बाहेरच राहिली. आज तिच्या जागी आशाताई उभी आहे आणि तीही वहीच्या बाहेरच आहे.

तिच्या कामाचे मोल कसे ठरते तेही पाहू. नवजात बाळाच्या घरी जाऊन त्याचे वजन घ्यायचे, ताप मोजायचा, अंगावरच्या दुधाबद्दल आईला समजवायचे, धोक्याची लक्षणे ओळखायची, याला गृहआधारित नवजात बालक काळजी म्हणतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या स्त्रियांना हे काम शिकवले आणि बालमृत्यू घटू शकतात हे दाखवून दिले. त्यांचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे २०११ पासून तेच काम देशभरातील आशांकडे आले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी, आणि त्याचे मिळून २५० रुपये. म्हणजे एका भेटीचे ४२ रुपयेसुद्धा पुरते होत नाहीत. तिशीपुढील माणसाचा मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्या जोखमीचा तक्ता भरला तर एका तक्त्याचे १० रुपये. ज्या कामाने बाळ जगते ते काम वैद्यकीय आहे, हे विज्ञानाने मान्य केले. शासनाने ते नगावर मोजले.

येथे वतनदारीची आठवण होणे स्वाभाविक आहे. मुंबई इलाख्यातील महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधेयक मांडले. त्यांची तक्रार काय होती? काम सरकारी, पण कामाला वेळ नाही. दिवसा बोलावले, रात्री बोलावले, जावेच लागे. कामाची यादी ठरलेली नाही. जो अधिकारी येईल तो सांगेल ते करायचे. आणि मोबदला म्हणाल तर तुटपुंजा, तोही गावाच्या मर्जीवरचा. आशाताईचे काम जन्माने लादलेले नाही, ती ते सोडू शकते, हा फरक मोठा आहे आणि तो मान्यच केला पाहिजे. परंतु बाकीच्या खुणा जुळतात. बेमुदत वेळ, वाढत जाणारी कामे, ठरावीक वेतनाचा अभाव आणि वर 'सेवाभाव' या गोड शब्दाचे पांघरूण. वतनाला मान म्हणणारेही त्या काळी होतेच.

कोरोनाच्या काळात हे उघडे पडले. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर ताप आणि प्राणवायूची पातळी मोजत फिरणाऱ्यांत आशाताई होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची पहिली टाळेबंदी ज्या भागांत लागली त्यांत आपला अमरावती जिल्हा होता. तेव्हाही त्या फिरत होत्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. जगाने ज्यांना आरोग्याचे नेतृत्व म्हटले, त्यांना त्यांचा देश साधे कर्मचारी म्हणायला तयार नाही!

जे काही मिळाले ते भांडून मिळाले. महाराष्ट्रात जून २०२१ मध्ये संप झाला, तेव्हा एक हजार रुपयांची वाढ आणि ५०० रुपयांचा कोविड भत्ता पदरात पडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा संप झाला. आश्वासन मिळाले, पण शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारी २०२४ पासून तिसऱ्यांदा संप आणि आझाद मैदानावर ठिय्या. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये राज्याने पाच हजार रुपयांची वाढ मंजूर केली. केंद्राने नियमित कामांसाठी २०१८ मध्ये ठरवलेले दोन हजार रुपये २०२५ मध्ये साडेतीन हजार केले. ही वाढ कष्टाची आहे, तिचे स्वागत आहे. पण मानधन कितीही वाढले तरी ते मानधनच. सरकार बदलले, तिजोरी आटली, की पुन्हा उपोषण आणि पुन्हा निवेदन. म्हणून लढ्याचा रोख आता रकमेवरून दर्जाकडे वळला पाहिजे.

कायद्याचा आधार नाही असे कोणी म्हणू नये. बाबासाहेब मजूरमंत्री असताना ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली दिल्लीला भरलेल्या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय व्यवस्थेची घडी बसली. त्याच परंपरेतील भारतीय श्रम परिषदेच्या ४५ व्या अधिवेशनाने २०१३ मध्ये शिफारस केली की, योजनांवर काम करणाऱ्या स्त्रियांना कामगार मानावे, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी. ती शिफारस आजही धूळ खात आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. त्यांना मिळणारे मानधन त्या कायद्यातील वेतनाच्या व्याख्येत बसते असेही सांगितले. मग हाच न्याय आशांना का नको?

यावर ठरलेले उत्तर येते की, त्यांच्याकडे शिक्षण कोठे आहे? या उत्तराचा नीट समाचार घेतला पाहिजे. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात सामुदायिक आरोग्य प्रवर्तक हा व्यवसाय नोंदलेला आहे. म्हणजे दार आहे. परंतु उंबरठा उंच आहे, कारण संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणून नोंदणीसाठी किमान दोन हजार तासांचे शिक्षण लागते. आशांच्या पहिल्या पाच प्रशिक्षण पुस्तिकांना २३ दिवस आणि सहाव्या-सातव्या पुस्तिकेला २० दिवस नेमलेले आहेत. दिवसाचे आठ तास धरले तरी ३४४ तास होतात. मग वीस वर्षे गावात घालवली त्याचे तास शून्य धरायचे काय? डॉक्टरांची आंतरवासिता शिक्षणात मोजली जाते, कारण ती रुग्णाजवळ झालेली असते. आशाताईचे सगळे आयुष्यच रुग्णाजवळ गेले आहे. तिच्या अनुभवाची परीक्षा घ्या, कमी पडेल तेवढे शिकवा, तालुक्याच्या ठिकाणी शिकवा, शिकण्याच्या दिवसांची मजुरी द्या आणि नोंदणी क्रमांक द्या. काही राज्यांनी आशांना एएनएमच्या प्रशिक्षणात राखीव जागा किंवा प्राधान्य दिले आहे. ज्यांना पुढे जायचे त्यांना तो जिनाही हवा.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. दर्जा मिळाला, पगार मिळाला, की त्या जागेकडे शहरातल्या पदवीधरांच्या नजरा वळतात. शिक्षणाची अट वाढते आणि वस्तीतली दहावी झालेली विधवा बाहेर फेकली जाते. असे अनेक खात्यांत घडलेले आपण पाहिले आहे. म्हणून आजच्या आशांना आधी सामावून घ्या, नव्या अटी नव्या भरतीला लावा, हे मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर असले पाहिजे.

दर्यापूर विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. अमरावती लोकसभाही राखीव झाली. राखीव जागेवरून निवडून येणाऱ्यांना मतदारांनी विचारले पाहिजे की, श्रम परिषदेच्या शिफारशीबद्दल तुम्ही सभागृहात कितीदा तोंड उघडले? विहारातील महिला मंडळांनी आपल्या गावच्या आशाताईला बोलावून तिच्या कामाची यादी करावी, कोणत्या कामाचे किती मिळाले आणि किती महिने थकले हे लिहून काढावे. तिने तासांची नोंद ठेवावी. तारीख, घर, काम आणि वेळ. उद्या न्यायालयात किंवा आयोगापुढे उभे राहायचे झाले तर हीच वही पुरावा ठरेल. बाबासाहेबांनी मागण्या भावनेवर नव्हे, कागदावर उभ्या केल्या. आशाताईंच्या वह्या आजपासून भरू लागू द्या.