स्वस्त विजेची वेळ रात्रीची नव्हे

‘रात्रीची वीज स्वस्त, तेव्हा गीझर रात्रीच लावून ठेवा.’ देवास-धारकडच्या मराठी घरांत हा सल्ला हमखास ऐकू येतो. त्यामागे थोडा कारखान्यांचा अनुभव आहे: देवासच्या औद्योगिक भागात किंवा पीथमपुरात नोकरी केलेल्यांना मोठ्या, उच्चदाब ग्राहकांची रात्रीची सवलत ठाऊक असते. उरलेला सल्ला विलायतेतल्या नातेवाइकांकडून येतो.

विलायतेचं खरंच आहे, पण तिथलं. ब्रिटनमध्ये १९७८ पासून ‘इकॉनॉमी ७’ हा दर आहे, म्हणजे रात्री सात तास स्वस्त वीज. कोळशाची आणि अणुवीज केंद्रं रात्री सहज बंद करता येत नसत, आणि गाव झोपलेलं असे. ती शिल्लक वीज खपवण्यासाठी स्टोरेज हीटर आले. त्यांच्या पोटात जड विटा असतात. त्या रात्री तापतात आणि दिवसभर खोलीला ऊब देतात. अशा काही हीटरना दोन वायरी येतात. एक फक्त रात्रीच्या वेळात जिवंत होते आणि विटा तापवते. दुसरी चोवीस तास चालू, पंख्यासाठी किंवा वरच्या जादा उष्णतेसाठी. एकाच पेटीत दोन सत्ता, आपल्या देवास संस्थानाच्या थोरल्या आणि धाकट्या पातीसारख्या.

आपल्याकडे शिल्लक वीज पडते ती दुपारी. रीवा, आगर, शाजापूर, नीमच इथल्या सौर प्रकल्पांची वीज ऊन असेतो येते आणि संध्याकाळी, नेमकी मागणी वाढताना, आटते. म्हणून केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले. राज्य आयोगाने ठरवलेल्या आठ ‘सौर तासांत’ दर नेहमीपेक्षा निदान २० टक्के कमी हवा. शेती सोडून बाकी छोट्या ग्राहकांना १ एप्रिल २०२५ पासून, पण स्मार्ट मीटर बसल्यावरच. मध्य प्रदेशात ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ५ आहे. महाराष्ट्रातही घरगुती सवलतीचे तास तेच. तेव्हा रात्री अकराला गीझरचं बटण दाबणाऱ्याला घरगुती बिलात एक पैसाही सुटत नाही.

मग लगेच पुढचा गैरसमज: दोन दर म्हणजे दोन मीटर, निदान दोन वायरी. ब्रिटनमध्ये जुन्या मीटरला वेळ कळत नव्हती, म्हणून घड्याळाचा स्विच आणि वेगळं सर्किट लागलं. स्मार्ट मीटर कोणत्या वेळी किती युनिट गेले ते स्वतःच टिपून ठेवतो. घरातलं वायरिंग तसूभरही बदलायचं नाही. ‘सवलतीची लाइन ओढून देतो’ म्हणणाऱ्या वायरमनला चहा पाजून परत पाठवा.

आता हिशेबाचा मुद्दा, कारण इथेच बहुतेकजण चुकतात. दुपारी वीज स्वस्त, तर चार वाजता पाणी तापवून सकाळी आंघोळ करावी का? २५ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण १.३ युनिट लागतात. २० टक्के सवलत म्हणजे पाव युनिटाची बचत. आता गीझरवरचं तारांकित लेबल वाचा. २४ तासांत नुसत्या उभ्या टाकीतून किती युनिट उष्णता जाते, तो आकडा ४५ अंशांच्या फरकासाठी तिथे छापलेला असतो. समजा तो ०.५ आहे. संध्याकाळी ५ ते सकाळी ७ या १४ तासांत जवळपास पाव युनिट हवेत गेलं, आणि ते सकाळच्या पूर्ण दरात भरून काढायचं. बचत शून्य. टाकी जुनी असेल तर पदरचेच जातील. ‘पुन्हा पुन्हा तापवण्यापेक्षा गीझर चालूच ठेवलेला बरा’ हे म्हणणं याच कारणाने चूक: पाणी जितका वेळ गरम, तितकी गळती जास्त.

मध्य प्रदेशच्या गृहज्योती योजनेतल्या घरांनी आणखी जपावं. महिन्याला १५० युनिटांच्या आत राहिलं तरच पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात. तिथे मोजली जातात ती युनिटं, वेळ नव्हे. रात्रभर तापत राहिलेला गीझर ती रेघ ओलांडायला लावू शकतो.

तरीही टायमर लावायचा असेल, तर पिनेला हात लावण्याआधी वॅट पाहा. २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपियर ओढतो, ३ किलोवॅटचा १३. बाजारातला ६ अँपियरचा टायमर किंवा साधं सॉकेट यावर वितळतं. आधी प्लग पिवळा पडतो, मग जळका वास. १६ अँपियरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, जाड तांब्याची वायर, खरं अर्थिंग आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, एवढं हवंच.

दोन पुरवठ्यांचा खरा धोका मात्र आपल्या घरात आधीपासून आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. तो म्हणजे इन्व्हर्टर. मेन स्विच पाडला की सगळं घर मेलं, असं समजून हात घालू नये. इन्व्हर्टरवरचे पॉइंट जिवंतच असतात. मालकाचं आणि भाडेकरूचं वेगळं मीटर असलेल्या घरात एकाचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल जोडल्याची करामतही असते. तिथे आरसीसीबी सारखा पडतो आणि वायरमन तो काढूनच टाकतो. हे कधीही चालवून घेऊ नका. उघडण्याआधी प्रत्येक तार टेस्टरने तपासायला लावा.

सवलत वापरायचीच तर वॉशिंग मशीन, इस्त्री आणि टाकी भरायचा पंप ९ ते ५ मध्ये आणा; त्यांना साठवणीची गळती नाही. गीझर मात्र आंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी लावा आणि नंतर बंद करा. स्मार्ट मीटर बसूनही बिलात सवलत दिसत नसेल, तर १९१२ वर तक्रार नोंदवा.